जुनी हॅचबॅक घेताय? किलोमीटर नंतर बघा, आधी तास आणि पावसाळे मोजा

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार. माझे "अं... म्हणजे" तेवढे कापलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज गाडीवर आले. आणि तेही नव्या नाही, सेकंड हँड गाडीवर. त्यातला मुलुंडच्या एका श्रोत्याचा मेसेज घेऊन बोलतो. ऑफिस सीप्झला. तीन वर्षांच्या नोकरीत साठवलेले साडेचार लाख आहेत, लोन नकोय. गाडी, ट्रान्सफर, इन्शुरन्स, पहिलं रिपेअर, सगळं त्यातच बसवायचंय. आणि घरून बाबांचा एकच सल्ला: "कमी चाललेली बघ."

बाबांचा सल्ला चुकीचा नाही, पण मुंबईसाठी अपुरा आहे. आजचा भाग मुख्यतः त्यावरच.

त्याआधी एक प्रश्न: गाडी हवीच आहे का? घाटकोपर ते अंधेरी रोज जायचं असेल तर मेट्रो १ आहे, २०१४ पासून आहे. साकीनाक्याला गाडीत बसून वरून जाणारी मेट्रो बघायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. बोरिवली ते अंधेरीला लोकलही आहे, मेट्रो ७ ही आहे. पण मुलुंड ते सीप्झ म्हणजे लोकलने घाटकोपर, मेट्रो १ ने मरोळ नाका, मग मेट्रो ३. तीन वाहनं. आणि याची शिफ्ट सुटते तेव्हा मेट्रो बंद झालेली असते. पूर्व-पश्चिम आडवं जाणं आणि अवेळी परत येणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की गाडीला अर्थ आहे. मुलुंडहून ऐरोलीला किंवा ठाण्याला जाणाऱ्यांसाठी आणखी एक: ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही एन्ट्री पॉइंट्सवर कारला टोल नाही. तो खर्च हिशोबातून काढा.

ओके, आता किलोमीटर.

दोन गाड्या घ्या. एक अंधेरीतल्या मालकाची, ३०,००० किलोमीटर झालेली. दुसरी नाशिकच्या माणसाची, ६०,००० झालेली, बहुतेक सगळी हायवेवर. आपण डोळे झाकून पहिली उचलतो. पण जेव्हीएलआर, एलबीएस, एस. व्ही. रोड असल्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी सरासरी ताशी १५ किलोमीटर धरा. ३०,००० भागिले १५, म्हणजे इंजिन २,००० तास चाललं. हायवेवाली ताशी ५० ने धरली तर ६०,००० ला १,२०० तास. किलोमीटर दुप्पट, पण इंजिनचे तास ४० टक्क्यांनी कमी. आणि त्या जास्तीच्या ८०० तासांत क्लच किती वेळा दाबला गेला असेल, हे पवईच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कोणालाही विचारा.

म्हणून मुंबईची "कमी चाललेली" गाडी बघायला गेलात की पहिला संशय क्लचवर. टेस्ट सोपी आहे. फ्लायओव्हरच्या चढावर ताशी ३०-३५ ला तिसरा गिअर टाका आणि अॅक्सिलरेटर चांगला दाबा. आरपीएम झरझर वर जातोय पण स्पीड त्या मानाने वाढत नाहीये, तर क्लच घसरतोय. पेडल जवळजवळ पूर्ण सुटल्यावर गाडी हलायला लागते, तेही लक्षण तेच. यावरून गाडी नाकारायलाच हवी असं नाही, क्लच बदलता येतो. पण तो खर्च किमतीतून कापून घ्या. "सर, मुंबईत सगळ्यांचा असाच असतो" हे ऐकून घ्यायचं आणि तरी कापायचं.

एएमटी असेल तर जास्त सावध. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं. २०१४ च्या सेलेरिओपासून हा प्रकार आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आला. क्लच आहे, म्हणजे झिजणारच, आणि चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवायची सवय असलेल्या मालकाकडे तर लवकर झिजणार. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना आणि ट्रॅफिकमध्ये सरपटताना झटके किती बसतात ते नीट बघा.

टेस्ट ड्राइव्हला सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलेली गाडी म्हणजे आधीच पाठ केलेला इंटरव्ह्यू. आणि एसी लावून सिग्नलला पाच-सात मिनिटं उभं राहा. चालत्या गाडीत कोणताही एसी थंड लागतो, उभ्या गाडीत लागतो का ते बघायचंय. टेंपरेचर वर चढत नाही ना, तेही तिथेच कळतं.

आता पावसाळे. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण क्लच बदलता येतो, पण पाण्यात बुडालेली गाडी कायमची तशीच राहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हाच्या गाड्या आता बाजारात फारशा नाहीत. पण २९ ऑगस्ट २०१७ ला बुडालेल्या असू शकतात. आणि फक्त मुंबईचं पाणी बघून चालत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला. तिथे बुडालेली गाडी तिथेच विकली जाईल असं थोडंच आहे? शिवाय अंधेरी सबवे, मिलन सबवे, कुर्ल्याचा सखल भाग, हे तर दरवर्षीचं.

पाणी शिरलेली गाडी पॉलिश होऊन येते. सीट कव्हर नवी, कार्पेट शॅम्पू केलेलं, वर लिंबाचा परफ्यूम. (परफ्यूमचा वास जितका जास्त, तितका माझा संशय जास्त.) पण जिथे पॉलिशवाल्याचा हात पोचत नाही तिथे चिखल राहतो. सीट बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातकट डाग असेल तर तिथेच थांबा. मग सीटखालचे रेल आणि बोल्ट गंजलेत का, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळाची रेघ आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची खूण आहे का. कार्पेटचा कोपरा उचलून खाली बोट फिरवा. मालकाला राग आला तर येऊ द्या.

बाहेरच्या गंजाकडेही बघा. समुद्रकिनारी, वर्सोवा-गोराईच्या बाजूला उघड्यावर पार्क होणाऱ्या गाडीला खारी हवा खालून खाते. लिफ्टवर गाडी वर घेतल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून स्वतःचा मेकॅनिक सोबत न्या. तो हजार-दोन हजार घेईल. साडेचार लाखांच्या निर्णयात ही सगळ्यात स्वस्त ओळ आहे.

आता माझा लाडका भाग. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल घ्या, स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावा, फोनवर अॅप उघडा. एप्रिल २०१३ नंतरच्या कार्समध्ये ओबीडी-२ आहे, त्यामुळे आपल्या बजेटमधल्या गाड्यांत पोर्ट मिळेलच. सगळे एरर कोड बघतात आणि "शून्य एरर" दिसलं की खूश होतात. पण एरर पुसता येतात ना! आपण सॉफ्टवेअरवाले, लॉग रिकामा दिसला की पहिला प्रश्न काय विचारतो? लॉग कोणी डिलीट केला? तोच इथे विचारायचा. अॅपमध्ये "रेडिनेस मॉनिटर्स" बघा. बरेच "नॉट रेडी" असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. बऱ्याच गाड्या "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली" हेही सांगतात. तिथे १२ किलोमीटर दिसले तर मालकाला शांतपणे विचारा, काल काय झालं होतं?

ओडोमीटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री मागा, त्यात तारखेसोबत किलोमीटर असतात. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. "२२,००० चाललीय, टायर ओरिजिनल" म्हणणाऱ्याच्या २०१९ च्या गाडीला २०२३ चे टायर निघाले, की पुढचं संभाषण छोटं होतं.

कुठल्या वर्षाची घ्यायची? माझी रेघ जुलै २०१९. १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ड्रायव्हर एअरबॅग, सीट बेल्ट रिमाइंडर, स्पीड अलर्ट आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून. २०२२ पासून तर शेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची. त्याआधीच्या गाडीत हे सगळं व्हेरिएंटवर अवलंबून होतं, आणि सेकंड हँड बाजारात बेस मॉडेललाच चकाचक अलॉय लावून उभं करतात. रोज हायवेवर जाणार असाल तर अलॉय नको, एअरबॅग मोजा.

कुठली गाडी, यावर मला फार वाद घालायचा नाही. २०१९ नंतरची वॅगन आर, नाहीतर २०१८ नंतरची स्विफ्ट, ग्रँड आय१० किंवा निऑस, टियागो. यातली जी चांगली सांभाळलेली मिळेल ती. मॉडेलपेक्षा मालक बघा. रोजच्या ट्रॅफिकसाठी माझं मत वॅगन आरला. दिसायला डबा आहे, मान्य. पण लांबी ३,६५५ मिलिमीटर, सोसायटीच्या कोपऱ्यात मावते, आणि गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना चढता-उतरता येतं. एकच अट: तुमच्याकडे स्टॅक पार्किंग असेल तर उंची मोजून या, गाडी १,६७५ मिलिमीटर उंच आहे. फोर्ड फिगो चालवायला यापेक्षा कितीतरी मजेदार, पण फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. स्वस्त मिळतात, पण पहिली आणि एकुलती गाडी पार्टची वाट बघत गॅरेजला उभी राहिली तर ऑफिसला जाणार कसे? डिझेल तर नकोच. बीएस-६ डिझेलचा फिल्टर साफ व्हायला मोकळा रस्ता आणि वेग लागतो, जेव्हीएलआर त्याला तो देणार नाही.

सीएनजीचा हिशोब करू. मुलुंड-सीप्झ जाऊन-येऊन ३० किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस, ६६० किलोमीटर. ट्रॅफिकमध्ये लिटरला १२ धरले तर ५५ लिटर. पेट्रोल १०३ रुपये धरून साधारण ५,७०० रुपये. सीएनजीवर किलोला १९ आणि ८० रुपये भाव धरला तर २,८०० च्या आसपास. महिन्याला २,९०० वाचतात, बदल्यात डिकी जाते आणि पंपावर रांग मिळते. घेणार असाल तर कंपनी फिटेडच घ्या. बाहेरून किट बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलंय का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालीय का, हे कागदावर बघा, तोंडी नाही.

किमतीबद्दल एवढंच. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आणि नव्या वॅगन आरची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत पाच लाखांच्या आत आली. पाच-सहा वर्षं जुन्या गाडीला कोणी साडेचार सांगत असेल तर तो कपातीआधीचा भाव सांगतोय. घासाघीस करताना नव्या गाडीचं आजचं कोटेशन फोनवर उघडून ठेवा. आणि सगळे साडेचार लाख गाडीत घालू नका. पावणेचारच्या वर जायचं नाही, बाकीचे हातात ठेवा.

शेवटी कागद. इथे कंटाळा करून चालणार नाही. एमएच-०२ अंधेरी, एमएच-०३ वडाळा, एमएच-४७ बोरिवली. दुसऱ्या राज्यातली, विशेषतः दिल्लीची गाडी स्वस्त दिसली तर लक्षात ठेवा, तिथली एनओसी आणि इथला रोड टॅक्स वेगळा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बाकी असलेली ई-चलानं गाडीच्या नंबरवर दिसतात, ती आधी भरायला लावा. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट लागलीय का तेही बघा.

आणि टीटीओ फॉर्मवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, कोऱ्या सह्या घेऊन "ट्रान्सफर नंतर करू" हा प्रकार अजिबात नको. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याच्या नावावर रजिस्ट्रेशन, तोच मालक. हे विकणाऱ्याला सांगा, तोच घाई करेल. तुमच्या बाजूने धोका इन्शुरन्सचा: गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज करा. नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकासोबत जातो, तो तुम्हाला मिळणार नाही. इंजिन प्रोटेक्ट अॅड-ऑन मात्र घ्या. साचलेल्या पाण्यात इंजिनने पाणी ओढलं तर साधी पॉलिसी बहुतेक वेळा हात वर करते. डीलरकडून घेताय तर आरटीओचं ऑथरायझेशन सर्टिफिकेट मागा, १ एप्रिल २०२३ पासून तो नियम आहे.

गाडी ताब्यात घेताना कागदावर तारीख आणि वेळ, तासा-मिनिटासकट, दोघांच्या सह्यांनी लिहा. सकाळी अकराला त्याने सिग्नल तोडला असेल तर दुपारी दोनला घेतलेल्या गाडीचं चलान तुम्ही का भरायचं?

मुलुंडकर, गाडी फायनल करायच्या आधी रेडिनेस मॉनिटरचा स्क्रीनशॉट पाठव, आपण बघू. बाकीच्यांनी इन्शुरन्सचे प्रश्न पाठवा, पुढचा भाग त्यावरच आहे.