'पास्ड आऊट' म्हणजे पदवीधर की बेशुद्ध?

'आय पास्ड आऊट इन 2022.' पुण्यातल्या मुलाखतीत हे वाक्य सहज चालतं. पण समोर लंडन किंवा न्यूयॉर्कचा माणूस असेल, तर त्याला वाटेल तुम्ही बेशुद्ध पडला होता! शिक्षण पूर्ण झालं हे सांगायला तिथे 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणतात. 'प्रशिक्षण पूर्ण करणं' हा अर्थ लष्कराच्या 'पासिंग आऊट परेड'मध्ये मात्र आजही आहे.

असेच आणखी दोन शब्द पाहूया.

डाऊट: मराठीत 'शंका' म्हणजे प्रश्नही आणि संशयही. इंग्रजीतला 'डाऊट' मुख्यतः संशय. त्यामुळे परदेशी बॉसला 'आय हॅव अ डाऊट' म्हटलं, तर तुमचा त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही असं वाटू शकतं. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा.

प्रीपोन: हा शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, पण भारतीय इंग्रजीतला म्हणून. भारताबाहेर अनेकांना तो कळत नाही. मीटिंग अलीकडे घ्यायची असेल तर 'कॅन वी ब्रिंग द मीटिंग फॉरवर्ड?' असं विचारा.

मग आपलं इंग्रजी चुकीचं का? नाही. भारतात हे शब्द सगळ्यांना समजतात. म्हणून नवा शब्द सुटा पाठ करू नका. तो पूर्ण वाक्यात शिका आणि समोर कोण आहे हे बघून वापरा.