'अभिमान' वाटतो की 'गर्व'?

भिलाईच्या कोहका भागातले एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणा. १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, त्या सुमारास आजोबा नोकरीसाठी विदर्भातून इकडे आले. नात आजीशी मराठीत बोलते, शाळेत हिंदीतून शिकते आणि गल्लीत मैत्रिणींशी छत्तीसगढीत भांडते. बारावीनंतर पुढे काय, या काळजीने आईवडील तिला समुपदेशकाकडे नेतात. तो तिच्यापुढे व्यक्तिमत्त्व चाचणीची प्रश्नावली ठेवतो. घरी मराठी बोलता ना? मग मराठीतलीच भरा!

त्यात एक विधान असते : 'मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो.' मुलगी 'असहमत'वर खूण करते. आणखी दोनचार उत्तरे अशीच येतात आणि निष्कर्ष निघतो, मुलीत आत्मविश्वास कमी आहे. आईचा जीव टांगणीला लागतो.

वास्तविक मुलीने विनयानेच उत्तर दिले होते. तिच्या शाळेच्या हिंदीत 'अभिमान' म्हणजे घमेंड आणि चांगल्या अर्थाने वापरायचा तो 'गर्व'. मराठीत नेमके उलट! शब्द तोच, लिपीही तीच, म्हणून चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत 'प्रकृति' म्हटले की स्वभाव आठवतो, पण मराठी आजीला प्रकृती विचारून पाहा, ती गुडघेदुखीच सांगेल.

स्वभाव की संस्कार?

शब्दांचा घोळ निदान शब्दकोशाने सुटतो. खरी अडचण पुढे आहे. 'मी अनोळखी माणसांशी सहज बोलते' हे वाक्य कोणत्याही भाषेत सोपे आहे. पण ज्या मुलीला लहानपणापासून 'परक्या माणसाशी बोलू नकोस' असेच बजावले आहे, तिच्या 'नाही'चा अर्थ ती अंतर्मुख आहे असा घ्यायचा का? तीच मुलगी मावशीच्या घरी लग्नात सगळा मांडव दणाणून सोडते. 'मला पार्ट्यांना जायला आवडते' याचेही तेच. आपल्याकडे अनेक घरांत प्रश्न आवडीचा नसतो, परवानगीचा असतो. असे विधान स्वभाव मोजत नाही, घरातली शिस्त मोजते.

म्हणूनच नुसते भाषांतर म्हणजे चाचणी नव्हे. या बाबतीत आपल्याकडे चांगले काम झाले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. अमेरिकेतील पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांची एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे. १९९२च्या तिच्या सुधारित आवृत्तीत २४० विधाने आहेत. चिंतेकडे असलेला कल, बहिर्मुखता, नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा, मनमिळाऊपणा आणि कर्तव्यदक्षता असे पाच गुण तीत मोजले जातात. पी. एच. लोधी, एस. देव आणि विवेक बेल्हेकर या मानसशास्त्रज्ञांनी ती मराठीत आणली. निरनिराळ्या संस्कृतींत हे पाच गुण आढळतात का, याचा शोध घेणारा एक ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचे प्रकरण आहे. पाच गुणांचा सांगाडा मराठीतही बहुतांशी तसाच दिसला.

असे काम किती चिकाटीचे असते पाहा. एकजण भाषांतर करतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेला दुसरा ते पुन्हा इंग्रजीत नेतो, मग दोन्ही इंग्रजी पाने शेजारीशेजारी ठेवून कुठे अर्थ निसटला ते शोधतात. दोन्ही भाषा जाणणारी माणसे काही दिवसांच्या अंतराने दोन्ही नमुने भरतात आणि उत्तरे जुळतात का, ते तपासले जाते. त्यानंतर शेकडो लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. एकच गुण मोजणारी विधाने एकमेकांशी जुळतात का? काही आठवड्यांनी तोच माणूस साधारण तीच उत्तरे देतो का? त्याला जवळून ओळखणारे त्याच्याविषयी काय सांगतात? एवढे झाल्यावरच कोणता गुणांक जास्त आणि कोणता कमी, याचे कोष्टक तयार होते.

आणि ते कोष्टक ज्या लोकांवरून बनले, त्यांच्यासाठीच ते खरे असते. पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांवर बेतलेले माप कोहक्यातल्या हिंदीत शिकलेल्या मुलीला तसेच लावता येईल का, हे पुन्हा तपासावेच लागते. कदाचित तिच्यासाठी हिंदी प्रश्नावलीच योग्य ठरेल, कारण स्वत:विषयी विचार ती शाळेच्या भाषेत करत असेल. भाषा तिलाच निवडू द्यावी हे उत्तम.

तेव्हा अहवाल हाती पडताच घाबरून जाऊ नका. ही चाचणी या भाषेत पडताळली आहे का, कोणत्या वयाच्या आणि कुठल्या मुलामुलींवर, हे समुपदेशकाला मोकळेपणाने विचारा. जाणता समुपदेशक रागावणार नाही, उलट माहितीपुस्तिका उघडून दाखवेल. मोबाइलवरच्या फुकट चाचण्यांना तर अशी पुस्तिका बहुधा नसतेच. घरी आल्यावर मुलीला जवळ बसवा, तिने 'असहमत' म्हटलेली विधाने एकेक करून वाचा आणि प्रत्येकाचा तिने काय अर्थ घेतला, ते तिच्याच शब्दांत ऐका.