तेहतीस सह्यांची जाहिरात

२६ सप्टेंबर २००२ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक जाहिरात छापून आली. तिच्यात विकायचे काहीच नव्हते. इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही, एवढेच तिचे म्हणणे होते आणि खाली आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या ३३ अभ्यासकांच्या सह्या होत्या. शिकागो विद्यापीठाचे जॉन मिअरशायमर, हार्वर्डचे स्टीफन वॉल्ट, ज्येष्ठ सिद्धांतकार केनेथ वॉल्ट्झ, भारत-पाकिस्तान संघर्षाचे अभ्यासक सुमित गांगुली ही त्यांतली काही नावे.

ही मंडळी शांततावादी नव्हती. देशाच्या सुरक्षेसाठी कधीकधी युद्ध करावे लागते, हे जाहिरातीच्या सुरुवातीलाच मान्य केलेले होते. त्यांच्यातले बरेच जण वास्तववादी पठडीतले, म्हणजे राष्ट्रे सत्तेचा हिशेब मांडून वागतात असे मानणारे. त्यांचा आक्षेपही हिशेबाचाच होता. सद्दाम हुसेन क्रूर खरा, पण अल् कायदाशी त्याचे संगनमत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. उद्या त्याच्या हाती अण्वस्त्र आले, तरी ते वापरणे म्हणजे स्वतःचाच सर्वनाश ओढवून घेणे. युद्ध सहज जिंकता येईलही. मात्र बाहेर कसे पडायचे हे कोणालाच ठाऊक नाही, आणि आतून दुभंगलेला तो देश वर्षानुवर्षे सांभाळत बसावे लागेल.

एवढ्या जाणत्या लोकांना जाहिरातीची जागा विकत घ्यावी लागली, हे नवलच. शीतयुद्धात सरकारचे दार त्यांच्यासाठी उघडे असे. अण्वस्त्रधारी देशांनी एकमेकांना धाकात कसे ठेवायचे, याचा अनुभव सेनापतींनाही नव्हता. तो विचार बर्नार्ड ब्रॉडी, थॉमस शेलिंग यांसारख्या अभ्यासकांनी केला. शेलिंग मूळचे अर्थशास्त्रज्ञ. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात १९६३ मध्ये हॉटलाइन जोडली गेली, तिचा आग्रह त्यांनी आधीपासून धरला होता. हेन्री किसिंजर तर हार्वर्ड सोडून व्हाइट हाउसमध्येच गेले. मे १९७० मध्ये, अमेरिकेने कंबोडियात सैन्य घुसवल्यावर, हार्वर्डचे काही प्राध्यापक आपल्या या जुन्या सहकाऱ्याला भेटले आणि यापुढे सरकारला सल्ला देणार नाही असे सांगून परतले. त्यांत शेलिंग होते. २००२ च्या जाहिरातीखालीही त्यांची सही आहे.

२००२ मध्ये सत्तेत विद्वान नव्हते असे नाही. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस स्टॅनफर्डच्या प्राध्यापिका होत्या. पण सरकारकडे गुप्तचरांचे अहवाल होते, प्राध्यापकांकडे फक्त तर्क. आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या त्या वातावरणात तर्काला गिऱ्हाईक कमी होते. ऑक्टोबरमध्ये प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाला परवानगी दिली. मार्च २००३ मध्ये युद्ध पेटले.

महासंहारक अस्त्रांचे साठे इराकमध्ये नव्हते, असा निष्कर्ष २००४ मध्ये अमेरिकेच्याच शोधपथकाने काढला. अमेरिकी फौजा डिसेंबर २०११ मध्ये तिथून निघाल्या आणि २०१४ मध्ये अमेरिकी सैनिक पुन्हा इराकमध्ये उतरले.