दोन रेघांचा माणूस

चिनी लिपीला आपल्यासारखी बाराखडी नाही; तिथे एकेका शब्दखंडाला एकेक चिन्ह. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि ही भाषा शिकले, हे वाचल्यापासून मीही नेऱ्याला घरी एक चिन्ह गिरवू लागले : ‘रन्’, म्हणजे माणूस.

आधी वरून डावीकडे उतरती रेघ, मग तिच्या अंगातून उजवीकडे दुसरी. हा क्रम उलटा चालत नाही. दुसरी रेघ पहिलीच्या डोक्यावरून सुरू झाली, तर ते ‘रू’ होते, म्हणजे आत शिरणे! आमच्या आजीला अक्षरओळख नाही. तिने वहीत डोकावून म्हटले, “मानूस हाय की!” माझ्या मराठी वहीतले एकही अक्षर तिच्याशी असे बोललेले नाही.

वापर सोपा. देशाच्या नावानंतर जोडले की तिथला माणूस : ‘यिनतु-रन्’ म्हणजे भारतीय. अनेकवचनी रूप बदलत नाही. मात्र मोजताना मध्ये ‘ग’ हवा, ‘ई ग रन्’, आपल्या ‘नगा’सारखा.

कोटणिसांच्या मुलाचे नाव यिनह्वा. ‘यिन’ भारत, ‘ह्वा’ चीन. तो जन्मला त्याच वर्षी, १९४२ च्या डिसेंबरात, डॉक्टर तिथेच वारले.