टर्बोचा दाब वाढविण्यापूर्वी

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच असल्याने तेथील हवा विरळ आहे. एंजिनाच्या धुराने फिरणारा टर्बो ही उणीव भरून काढतो. ठराविक दाब होताच ॲक्चुएटरचा पडदा स्प्रिंगविरुद्ध ढकलला जाऊन वेस्टगेट ही झडप उघडते व जादा धूर चाकास बगल देऊन जातो. ॲक्चुएटरची दांडी आखूड केल्यास, अथवा बूस्ट कंट्रोलरने पडद्यावरील दाब घटविल्यास, झडप उशिरा उघडते व हवेचा दाब वाढतो. परंतु डिझेल न वाढविता जोर फारसा वाढत नाही. दोन्ही वाढविल्यास गॅसकेट व पिस्टन धोक्यात येतात. सबब मावळातील शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरची ओढ कमी वाटल्यास प्रथम एअर फिल्टर व नळ्यांची गळती तपासावी. ऐन चिखलणीत ट्रॅक्टर बंद पडणे कोणासच परवडणारे नाही.