उजवीकडच्या खुर्चीसाठी अर्ज करताना

विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन बसतो आणि उजवीकडे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे आपल्या भाषेत सहवैमानिक. आज मी या उजवीकडच्या खुर्चीबद्दल बोलणार आहे. त्यातही स्वस्त दरात प्रवास घडवणाऱ्या विमान कंपनीत ही पहिली नोकरी मिळवायची, तर अर्ज कसा करावा आणि कंपनी त्यात नेमकं काय पाहते, याबद्दल. अशाच एका कंपनीत मी बरीच वर्षं विमान चालवलं आणि त्यातली काही वर्षं नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेणाऱ्यांमध्येही होतो. तेव्हा टेबलाच्या अलीकडून काय दिसतं, ते सांगायचा प्रयत्न करतो.

आपल्या देशात स्वस्त विमानसेवेचं युग सुरू झालं ते २००३ मध्ये, ‘एअर डेक्कन’मुळे. २००५ मध्ये ‘स्पाइसजेट’ आणि ‘गो एअर’ आल्या, २००६ मध्ये ‘इंडिगो’ आली आणि २०२२ मध्ये ‘अकासा’. या कंपन्यांचं गणित साधं असतं. विमान जमिनीवर उभं असलं की खर्च आणि आकाशात असलं की कमाई. म्हणून ताफ्यात शक्यतो एकाच जातीची विमानं ठेवायची, विमान उतरलं की अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडवायचं आणि एकाच दिवसात तीन-चार फेऱ्या करायच्या. ‘इंडिगो’नं जून २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची मागणी नोंदवली. असा आकडा वर्तमानपत्रात आला की घराघरांत चर्चा होते, ‘वैमानिकांची टंचाई आहे म्हणे, आपल्या बंड्याला पायलट करूया.’

इथेच पहिला गैरसमज होतो. टंचाई असते ती प्रामुख्यानं अनुभवी कॅप्टनची. दोनशे तासांचं उड्डाण करून नुकताच परवाना घेतलेल्या मुलांची टंचाई नसते. २०२३ या एका वर्षात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. त्या सगळ्यांना त्याच वर्षी खुर्ची मिळणं शक्यच नव्हतं. शिवाय हा धंदा मोठा लहरी. २०१२ मध्ये ‘किंगफिशर’ बंद पडली, एप्रिल २०१९ मध्ये ‘जेट एअरवेज’ थांबली, मे २०२३ मध्ये ‘गो फर्स्ट’नं हात टेकले. अशी एखादी कंपनी बसली, की हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक नोकरीच्या रांगेत येऊन उभे राहतात आणि नवी मुलं आपोआप मागे ढकलली जातात. परवाना म्हणजे नोकरी नव्हे, परवाना म्हणजे अर्ज करण्याची पात्रता. हे आधी मनाशी पक्कं करायला हवं.

ही पात्रता कशी मिळते, ते थोडक्यात सांगतो. किमान दोनशे तासांचं उड्डाण, त्यातले शंभर तास स्वतःच्या जबाबदारीवर. त्याशिवाय दिशादर्शन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा परवाना आणि ‘क्लास वन’ वैद्यकीय तपासणी. आपल्या महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, शिरपूर, धुळे अशा ठिकाणी हे शिक्षण मिळतं. काहीजण परदेशात शिकून येतात आणि मग परवाना भारतीय नियमांप्रमाणे बदलून घेतात. पालकांना माझं एकच सांगणं असतं, की फीचा पहिला हप्ता भरण्याआधी ‘क्लास वन’ तपासणी करून घ्या. चष्मा चालतो, त्याला मर्यादा असतात एवढंच. पण रंग ओळखण्यातला एखादा दोष आपल्याला वीस वर्षं कळलेलाही नसतो. तो पन्नास लाख रुपये खर्च झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

आता प्रत्यक्ष अर्ज. भरती निघाली की कंपनी आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते आणि तिथेच अर्ज घेते. ‘आमची आत ओळख आहे’ असं सांगून पैसे मागणारा माणूस भेटला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. अर्जासोबत परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, वैद्यकीय प्रमाणपत्र, इंग्रजी प्रावीण्याचा दाखला, गुणपत्रिका आणि लॉगबुक, एवढी कागदपत्रं लागतात. यातल्या प्रत्येकाची मुदत पाहून ठेवा. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना केवळ उपकरणांवर विमान चालवण्याची परवानगी, वर्षभरच टिकते. नोकरीची वाट पाहताना तिचं नूतनीकरण करत राहावं लागतं आणि त्याला खर्च येतो. घरचं अंदाजपत्रक मांडताना हा खर्च बहुतेकजण धरतच नाहीत.

लॉगबुकाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. वैमानिकानं केलेल्या प्रत्येक उड्डाणाची नोंद त्यात असते. मुलाखतीला बसल्यावर मी पहिल्यांदा ते उघडत असे. एखाद्या पानावर बोट ठेवून विचारायचं, ‘या दिवशी कुठून कुठे गेला होता? वारा कसा होता? पर्यायी विमानतळ कोणता धरला होता?’ जो खरोखर उडलेला असतो, त्याला दोन वर्षांपूर्वीचंही आठवतं. ज्याचे तास केवळ शाईत वाढलेले असतात, तो अडखळतो. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका दाखवून परवाने मिळवल्याची प्रकरणं आपल्या देशात उघडकीला आली, वैमानिकांना अटक झाली. तेव्हापासून कागद दुसऱ्यांदा तपासले जातात, आणि ते योग्यच आहे. पाच तास कमी असले तर पाच तास उडून यावं, लिहून येऊ नये.

कागद पार पडले की लेखी परीक्षा होते. मग संगणकावरची एक चाचणी, जिच्यात हात, डोळे आणि कान यांना एकाच वेळी वेगवेगळी कामं दिली जातात. त्यानंतर गटचर्चा, सिम्युलेटर आणि मुलाखत. क्रम कंपनीगणिक बदलतो. मुलं लेखी परीक्षेची तयारी कसून करतात, पण पुढच्या टप्प्यांत गोंधळतात. कारण आपल्याला काय विचारलं जातंय हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. ते कळायला सहवैमानिकाचं काम समजून घ्यायला हवं.

पुष्कळांना वाटतं, सहवैमानिक म्हणजे कॅप्टनचा मदतनीस. तसं नाही. एका फेरीत कॅप्टन विमान चालवतो, तेव्हा सहवैमानिक लक्ष ठेवतो. दुसऱ्या फेरीत उलट. लक्ष ठेवणं म्हणजे शेजारी बसून राहणं नव्हे. वेग, उंची, दिशा यांपैकी काहीही ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं, की ते मोठ्यानं सांगणं हे त्याचं कर्तव्य असतं. विमान उतरताना ठरावीक उंचीपर्यंत ते योग्य वेगात, योग्य रेषेत स्थिरावलेलं नसेल, तर उतरण्याचा नाद सोडून पुन्हा वर जायचं असतं. याला ‘गो अराउंड’ म्हणतात. तो शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारू शकतो.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं ‘एअर इंडिया एक्स्प्रेस’चं विमान मंगळूरला धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. ही कंपनीही स्वस्त दराचीच. विमानात १६६ माणसं होती, त्यांपैकी १५८ गेली. उतरताना विमान वाजवीपेक्षा उंचावर होतं. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणावरून चौकशीत स्पष्ट झालं, की सहवैमानिकानं तीन वेळा ‘गो अराउंड’ सुचवलं होतं. कॅप्टननं उतरणं चालूच ठेवलं. उजवीकडच्या खुर्चीचं मोल काय, हे मला दुसऱ्या कोणत्याही उदाहरणानं इतकं नेमकं सांगता येणार नाही.

म्हणून मुलाखतीत एक प्रश्न या ना त्या रूपात येतोच. ‘कॅप्टन विमान उतरवतो आहे, वेग जास्त आहे, तुम्ही सांगितलंत, तो काहीच बोलत नाही. काय कराल?’ काही मुलं म्हणतात, ‘कॅप्टन सीनियर आहेत, त्यांना कळत असेल.’ काही उत्साही मुलं म्हणतात, ‘मी लगेच कंट्रोल हातात घेईन.’ दोन्ही उत्तरं काळजीत टाकणारी. पहिला गप्प राहणार आणि दुसरा कॉकपिटमध्ये झटापट करणार. हवं असतं ते पायरीपायरीचं उत्तर. आधी काय बिघडलंय ते आकड्यासकट स्पष्ट सांगेन. उत्तर आलं नाही, तर पुन्हा, अधिक ठामपणे ‘गो अराउंड’ म्हणेन. तरीही प्रतिसाद नसेल, तर कॅप्टन सक्षम नाही असं धरून, कंपनीच्या कार्यपद्धतीत लिहिल्याप्रमाणे, विमान ताब्यात घेईन आणि तसं बोलून दाखवेन.

आपल्या घरांतून ‘मोठ्यांना उलटून बोलू नये’ हा संस्कार असतो. तो वाईट नाही. पण मान ठेवणं आणि गप्प राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सर, गो अराउंड’ या वाक्यात दोन्ही बसतं, आदरही आणि ठामपणाही. गटचर्चेतही हेच पाहिलं जातं. सर्वांत जास्त बोलणारा निवडला जातो, हा गैरसमज आहे. दुसऱ्याचं ऐकून घेणारा आणि मुद्दा चुकत असेल तिथे शांतपणे अडवणारा आम्हाला हवा असे.

मराठी माध्यमातली मुलं मला इंग्रजीबद्दल विचारतात. कामाला लागणारं इंग्रजी साधं, नेमकं आणि स्वच्छ उच्चारांचं असतं. ते सरावानं येतं. अलंकारिक इंग्रजीचा कॉकपिटमध्ये काही उपयोग नाही.

सिम्युलेटरच्या चाचणीत नवख्या उमेदवारानं मोठं विमान सफाईनं चालवावं, अशी अपेक्षा कोणी करत नाही. पहिल्या खेपेला तो डगमगणारच. परीक्षक पाहतो ते हे, की सांगितलेली गोष्ट दुसऱ्या खेपेला सुधारली का, आणि एक गोष्ट बिघडल्यावर बाकीच्यांवरचं लक्ष सुटलं का. चाचणीआधी शिकाऊ विमानावर किंवा साध्या सिम्युलेटरवर आठ-दहा तास उपकरणांचा सराव केलेला कधीही फुकट जात नाही.

आता पैशाचा प्रश्न. मध्यंतरी लातूरकडच्या एका शेतकरी वडिलांचा फोन आला. म्हणाले, ‘साहेब, पोराला लायसन मिळालंय. आता रेटिंगला वीस लाख भरायचे म्हणतोय. तीन एकर काढू का?’ रेटिंग म्हणजे टाइप रेटिंग, म्हणजे एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ अशा एका विशिष्ट जातीच्या विमानाचं प्रशिक्षण. त्याशिवाय ते विमान चालवता येत नाही. ते स्वतःच्या पैशानं आधी करून ठेवलं की नोकरी पक्की, असं मुलांना सांगितलं जातं. कधी कधी कंपन्या रेटिंगवाल्यांना प्राधान्य देतात, हे खरं आहे. पण एअरबसचं रेटिंग केलं आणि भरती बोइंगवाल्या कंपनीत निघाली, तर त्याचा उपयोग होत नाही. शिवाय नुसतं रेटिंग घेऊन घरी बसलं, तर हात बसतो आणि तपासणीची मुदतही उलटते. मी त्या वडिलांना म्हटलं, ‘काका, आधी निवडीचं पत्र हातात येऊ द्या. कोणतं विमान ते कळू द्या. मग पैशाचं बघा. जमीन राहू द्या.’

काही कंपन्या आधी निवड करून मग शिक्षण देणाऱ्या योजना चालवतात. त्यांचा खर्च एक कोटीच्या पुढे जातो. तिथेही नोकरीचं वचन किती अटींवर आहे, ते करारात शब्दन् शब्द वाचा. प्रशिक्षणाचा बाँड किती वर्षांचा, मध्येच सोडल्यास किती भरायचं, कंपनीनं सेवेत घ्यायला उशीर केला तर काय, हे तीन प्रश्न वकिलाला दाखवून विचारा. आणि एकदा रुजू झाल्यावर नोकरी बदलायची, तर सहवैमानिकाला सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते, असा २०१७ चा नियम आहे. तोही ध्यानात असू द्या.

निवड झाली म्हणजे शेवट झाला असंही नाही. वर्ग, सिम्युलेटर, मग प्रत्यक्ष विमानावर उतरण्याचा सराव आणि त्यानंतर प्रशिक्षक कॅप्टनबरोबर प्रवाशांसह फेऱ्या, असे काही महिने जातात. पुढेही निवृत्तीपर्यंत दर सहा महिन्यांनी परीक्षा असते. पहाटे तीनला उठणं, उड्डाणाआधी श्वासाची चाचणी, दिवसाला चार फेऱ्या, दिवाळीला घरी नसणं, हे सारं या खुर्चीबरोबर येतं. थकव्याचा प्रश्न किती गंभीर आहे, ते २०२५ च्या नोव्हेंबरपासून विश्रांतीचे कडक नियम पूर्णपणे लागू झाले तेव्हा सर्वांनी पाहिलं. त्या नियमांनुसार वैमानिकाची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. पुढच्याच महिन्यात ‘इंडिगो’ला वैमानिक पुरेनात आणि हजारो उड्डाणं रद्द करावी लागली. ‘आज मी उडण्याच्या स्थितीत नाही’ हे सांगण्याची हिंमतही सहवैमानिकाकडे असावी लागते.

तेव्हा अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगतो. कागद खरे ठेवा, सराव चालू ठेवा, आणि योग्य वेळी योग्य शब्द बोलण्याची सवय आत्तापासून लावा. अगदी उड्डाण शाळेत प्रशिक्षकाच्या शेजारी बसल्यापासून. पहिल्या खेपेला निवड झाली नाही, तर कुठे कमी पडलो ते लिहून काढा आणि पुढच्या भरतीला पुन्हा अर्ज करा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आलेले अनेकजण मी निवडले आहेत, आणि ते आज डावीकडच्या खुर्चीत बसतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)