पत्त्यातलं 'द्वारा' मुलांना कसं समजावाल?

पत्रलेखन शिकवताना आपण मायन्यावर दोन तास घालवतो आणि पत्ता पाच मिनिटांत उरकतो. मीही तेच करत होते. मग माझ्या वर्गातल्या, मामांकडे राहून शिकणाऱ्या एका मुलीचं शिष्यवृत्तीचं पत्र परत गेलं. नाव, गल्ली, पिनकोड, सगळं बरोबर होतं. पण दारावर पाटी मामांच्या आडनावाची! पोस्टमन नवा होता. या नावाचं इथे कोणी राहत नाही, असा शेरा पडला. दुसरं पत्र येईपर्यंत कागद देण्याची मुदत संपली.

एकच ओळ हवी होती. बघा:

कु. अ. ब. क.,
द्वारा श्री. य. र. ल.,
मु. पो. वाई, जि. सातारा – ४१२ ८०३

पत्र ज्याचं, त्याचं नाव वर. ज्याच्या घरी द्यायचं, त्याचं नाव 'द्वारा'च्या पुढे. मुलं हमखास उलटं करतात, कारण मामा मोठे, मग त्यांचं नाव आधी नको का! पण इथे मानाचा प्रश्न नाही. नावं उलटली तर पत्र मामांचं होतं आणि पोचवायचं काम भाचीकडे येतं. इंग्रजीतलं 'केअर ऑफ' म्हणजे हेच. ते 'सी/ओ' असं लिहिलेलं दिसलं की काही मुलं पुढचं नाव वडिलांचं समजतात. आधार कार्डावरही ही अक्षरं असतात, तेव्हा घरातलं कार्ड काढून दाखवा.

'मार्फत' चालेल का, असं पालक विचारतात. पाकिटावर चालतं, पूर्वी तर सर्रास लिहीत. पण अर्जात फरक पडतो. 'मा. मुख्याध्यापक यांच्यामार्फत' लिहिलेला अर्ज मुख्याध्यापक वाचतात, शिफारस किंवा सही करतात आणि मग पुढे पाठवतात. 'द्वारा'मधल्या मामांनी पाकीट उघडायचंसुद्धा नसतं. (हे मुलांना सांगा, आणि हो, मामांनाही!)

'द्वारा'च्या पुढे माणूसच हवा असंही नाही. वसतिगृह चालतं, दुकान चालतं. सगळ्यात चांगलं उदाहरण सैनिकाच्या पत्त्याचं. त्यात क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट असतं, मग 'द्वारा ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड. गावाचं नावच नाही! एपीओ म्हणजे लष्कराचं टपालघर. जवान सियाचीनला असो की राजस्थानात, पत्र आधी लष्करी टपालाकडे जातं आणि युनिट कुठे आहे ते तेच बघतात. जागा पाकिटावर उघड होत नाही आणि युनिट हललं तरी पत्र पोचतं. सातारा-कोल्हापूरकडच्या वर्गांत अशा पत्त्यावर पत्र लिहिलेली एखादी आजी मुलांच्या घरी नक्की सापडेल. तिलाच वर्गात बोलवा, खडू तिच्या हातात द्या.